फाटकावरच्या मांडवातील भुंग्यांविषयी

ए-१०२ (सकाळी ८.१२)
सर्व सभासदांना नमस्कार. फाटकाजवळच्या कृष्णकमळाच्या मांडवाला मोठे काळे भुंगे लागले असून वाशांच्या खालच्या अंगाला करंगळी जाईल एवढी गोल भोके पडली आहेत. काल संध्याकाळी नातवाला घेऊन येताना त्यांतला एक थेट आमच्या तोंडासमोर येऊन घोंघावत राहिला आणि मूल घाबरून रडू लागले. तरी पेस्ट कंट्रोलवाल्यांना आजच बोलवावे, ही विनंती.

सी-२०३ (८.४०)
काकांची काळजी रास्त आहे. मी त्याचा फोटो इंग्लंडमध्ये असलेल्या मुलीला पाठवला, तेव्हा हे बंबलबी असावेत असे तिने कळवले. तिच्या अंगणात उंदराच्या जुन्या बिळात त्यांनी घर केले होते. तिने ते तसेच राहू दिले आणि थंडीच्या तोंडावर ते आपोआप रिकामे झाले. आपणही दिवाळीपर्यंत थांबावे का?

बी-३०४ (९.२५)
ताई, आपल्या मुलीने तिकडे केले ते योग्यच केले. परंतु आपल्या मांडवात आहेत ते बंबलबी नव्हेत, आणि हा फरक लक्षात घेतल्याशिवाय आपला निर्णय चुकेल असे मला वाटते. बंबलबी ही थंड हवेतली, अंगभर दाट लव असलेली माशी आहे आणि आपल्या देशात ती मुख्यतः हिमालयात आढळते. तिचे घर एका हंगामापुरते असते: वसंतात एकटी राणी बिळात संसार मांडते, उन्हाळ्यात कुटुंब वाढते, शरदात जुनी राणी व कामकरी माश्या मरतात आणि फळलेल्या तरुण राण्या तेवढ्या जमिनीत हिवाळा काढतात. म्हणून तिकडे नुसते थांबले तरी पुरते.

आपल्याकडचा हा लाकूड पोखरणारा भुंगा. आपले वॉचमनमामा कन्नडमध्ये त्यालाच दुंबी म्हणतात. कोरडे काष्ठ सहज भेदणारा आणि कोवळ्या कळीत मात्र अडकून पडणारा भ्रमर आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो, तो हाच. ओळख सोपी आहे: पोट गुळगुळीत, काळेभोर व चकचकीत, आणि उन्हात पंखांवर निळीजांभळी झाक. यांच्यात राणी नाही आणि मोहोळही नाही. प्रत्येक मादी आपले बीळ स्वतः कोरते. ती वाळवीसारखे लाकूड खात नाही. कोरलेला भुसा बाहेर टाकते, आत परागांचा मधात मळलेला गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते, भुशाचाच पडदा लावून ती खोली बंद करते आणि पुढच्या खोलीला लागते. आज सकाळी मी वाशाला कान लावला, तेव्हा आतून कुरकुर स्पष्ट ऐकू आली आणि खाली फरशीवर बारीक रव्यासारख्या भुशाची ढिगळी जमली होती.

काका, नातवाच्या तोंडासमोर जो थांबला तो बहुधा नर असावा. नर आपल्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येकासमोर असाच हवेत थांबून पाहतो, पण त्याला नांगीच नसते. मादीला नांगी असते, मात्र मुठीत धरल्याशिवाय किंवा बिळात काडी खुपसल्याशिवाय ती सहसा डसत नाही. मुलांना एवढे दोन नियम सांगितले तर पुरे. ज्यांना माशी चावल्यावर अंगाला सूज येते किंवा धाप लागते, त्यांनी मात्र मांडवाखाली बसू नये.

आता या भुंग्यांचे आपल्यावर काय ऋण आहे, तेही पाहावे. सकाळी कृष्णकमळाच्या फुलावर भुंगा मधासाठी गोल फिरतो, तेव्हा वरचे परागकोश त्याच्या पाठीला घासतात आणि काळी पाठ बघता बघता पिवळी होते. मधमाशी लहान असल्याने बहुधा खालून निसटून जाते. वांग्या-टोमॅटोच्या फुलात पराग बारीक छिद्राच्या नळीत बंद असतात. भुंगा ते फूल घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा ते झडून बाहेर पडतात. आपल्याकडच्या मधमाश्यांना हे जमत नाही. युरोपात काचघरांतील टोमॅटोसाठी बंबलबी मुद्दाम पाळतात. कडोलीच्या बाजूच्या भाजीमळ्यांत हे काम असे भुंगे फुकट करतात. आपल्या आवारातल्या शेवग्यावरही सध्या तेच दिसतात.

दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या आग्यामोहोळावर भर दुपारी फवारणी करून घेतली, हे आपल्या स्मरणात असेलच. उठलेल्या माश्यांनी खालच्या रस्त्यावरच्या दोघांना फोडून काढले आणि मेलेल्यांचा सडा आठवडाभर टाकीच्या झाकणावर पडला होता. त्या बैठकीत मी गप्प बसलो, याचे मला आजही वाईट वाटते.

तथापि थांबून हा प्रश्न सुटणार नाही, हेही खरे. भुंगे तीच बिळे वर्षानुवर्षे वापरतात व वाढवतात, आणि पावसाळ्यात पाणी मुरून वासा कमकुवत होतो. त्यांना उघडे, रंग न दिलेले, वाळलेले लाकूड आवडते. म्हणून ज्या वाशांना भोके नाहीत त्यांना खालून आणि टोकांनाही तेलरंग द्यावा. भोके पडलेले दोन वासे मात्र आतली पिल्ले बाहेर पडेपर्यंत तसेच ठेवावेत. भोके आज लांबीने (पुट्टीने) बुजवली तर आतली पिल्ले मरतील किंवा दुसरीकडून पोखरून बाहेर येतील. रॉकेल कोणीही ओतू नये. शेवग्याच्या खोडाला, रहदारीपासून दूर, वाळक्या बांबूच्या कांड्यांची मोळी बांधण्याचे काम मी करतो.

ए-१०२ (१०.०५)
नराला नांगी नसते हे मला ठाऊक नव्हते. पेस्ट कंट्रोलची विनंती मागे घेतो. मात्र पोखरलेले दोन वासे नातवाच्या डोक्यावर येणार नाहीत, एवढी खात्री हवी.

सचिव (१०.३०)
सुतारमामांना रविवारी सकाळी बोलावले आहे. ते त्या दोन वाशांना खालून लोखंडी पट्टीचा टेकू देतील आणि उरलेल्या सहा वाशांना रंग लागेल. बी-३०४ यांनी त्या वेळी उपस्थित राहून कोणत्या भोकांना हात लावू नये, ते खडूने खूण करून दाखवावे.