दुकानातल्या कॉम्प्युटरवर आधार उघडू द्यावं का?

वर्धारोडकर:
पोरीच्या अ‍ॅडमिशनसाठी माझं आधार, उत्पन्नाचा दाखला अन बाबांच्या नावचा सातबारा, सगळ्याच्या प्रिंट पाहिजेत, घरचा प्रिंटर बंद पडून आहे. नागपुरात बर्डीवर एका दुकानात गेलो तं पोट्टा म्हणते काका नंबर सांगा, आता ओटीपी आला असन तो सांगा. त्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पाहिलं तं आधी येऊन गेलेल्यांच्या आधारच्या फायलींची रांगच. डिलीट काहून नाही करत म्हटलं तं म्हणे रात्री एकदम मारतो. मी तसाच वापस आलो. पिन टाकला की फक्त आपलाच कागद बाहेर येईल असं मशीन असते का कुठं?

तर्रीपोहा:
बरं केलं वापस आले. ओटीपी म्हणजे तुमची सहीच आहे, ती दुसऱ्याच्या कीबोर्डवर कायले? आधारच्या पीडीएफला पासवर्ड असते पण तो काय, इंग्रजीत नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं अन जन्माचं साल, दोन्ही त्याच कागदावर छापलेलं. आपल्या फोनवर मास्क्ड आधार उतरवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, अन दुकानात वायफाय प्रिंटर असन तं फोनवरूनच प्रिंट द्या.

झेरॉक्सवाला_सक्करदरा:
सगळं खापर दुकानदारावर फोडू नका राजेहो. जूनमध्ये एवढी गर्दी असते, लोक स्वतःच अनलॉक केलेला फोन हातात देतात अन म्हणतात तूच काढ. पण एक सांगतो, इनकॉग्निटोमध्ये काढलं म्हणजे सेफ असं समजू नका, हिस्ट्री जाते पण डाउनलोड झालेली फाइल तशीच राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून नंतर डिलीट फॉर एव्हरीवन केलं तरी तेच, कॉम्प्युटरवर सेव्ह झालेली कॉपी जात नाही. विंडोजमध्ये प्रिंट झालेली डॉक्युमेंट ठेवून घ्यायचं एक सेटिंग असते, ते चालू असन तं रांगेतून परत छापता येते. मोठ्या कॉपियर मशीनमध्ये तं बरेचदा हार्डडिस्कच असते. समोर उभं राहून रिसायकल बिनपर्यंत साफ करून घ्या, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

मिहानवाला:
पिनवालं मशीन असते ना. आमच्या ऑफिसात प्रिंट दिली तरी कागद निघत नाही, मशीनजवळ जाऊन कार्ड टॅप केलं की मगच. जपानमध्ये तं हे किराणा घ्यायच्या दुकानात चालते, २०१० पासून. आता सरकारी माय नंबर कार्ड मशीनवर ठेवायचं, चार आकडी पिन टाकायचा, रहिवासी दाखला हातात, पिन तीनदा चुकला की लॉक. पण २०२३ च्या मार्चमध्ये योकोहामात लोकांना दुसऱ्याचेच दाखले छापून मिळाले! कार्ड बरोबर, पिन बरोबर, मशीनमागच्या सॉफ्टवेअरनं लोड वाढल्यावर फायलींची अदलाबदल केली. म्हणजे माणूस ओळखला म्हणून काम संपत नाही, त्याच माणसाचा कागद त्याच्याच हातात गेला का हेही कोणीतरी पाहायला लागते.

तर्रीपोहा:
@मिहानवाला हे भारी आहे, माहीत नव्हतं. पण आपल्याकडं आधी रिसायकल बिन 😄

सातबारावाली:
सातबाऱ्यासाठी त्या पोट्ट्याची गरजच नाही हो. महाभूमीच्या साइटवर मोबाईल अन ओटीपीनं लॉगिन करा, १५ रुपये भरा, डिजिटल सहीचा सातबारा मिळते, तलाठ्याचा शिक्का लागत नाही. खाली नंबर असते, समोरचा तो टाकून खरा-खोटा तपासू शकते, म्हणून प्रिंट कोणत्या दुकानातून काढली यानं फरक पडत नाही. अन ज्यांनी आधीच कुठं ओटीपी सांगून ठेवला असन त्यांनी आधारच्या साइटवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री बघा, मागच्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुठं कुठं वापरला ते दिसते. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, अंगठ्यावर पैसे काढायचे प्रकार फार चालू आहेत. रेशनला अंगठा द्यायच्या वेळी तेवढं अनलॉक करायचं.

वर्धारोडकर:
धन्यवाद सगळ्यांना. सातबारा आत्ताच काढला, दहा मिनिटांचं काम. पण कॉलेजवाले म्हणून राहिले मास्क्ड आधार चालत नाही, पूर्ण नंबरच पाहिजे. आता यांना काय दाखवू?