नेमॅटिक क्रम ही चुंबकत्वाची सावली नव्हे

लोहाधारित पदार्थांत आधी चुंबकीय क्रम (अणूंच्या चिमुकल्या चुंबकांची ठरावीक मांडणी) येतो, मग त्याच्यामागून नेमॅटिक क्रम (स्फटिकातल्या आडव्या-उभ्या दिशा एकसारख्या न राहणं), असं काहीजण म्हणतात. उद्यमबागेच्या फाउंड्र्यांशेजारी वाढलेल्या आम्हा बेळगावकरांना लोखंड म्हटलं की चुंबकच आठवणार म्हणा! पण आयर्न सेलेनाइड बघा. साधारण ९० केल्विनला चौरस जाळी किंचित आयताकृती होते, आणि नेहमीच्या दाबाला चुंबकीय क्रम मात्र येतच नाही. बाजूंतला फरक एक टक्क्याहूनही कमी. बेरियम-लोह-आर्सेनिकमध्ये (इथे दोन्ही क्रम १४० केल्विनच्या आसपास जवळजवळ एकत्रच येतात) थोडा कोबाल्ट घालून स्फटिक एका बाजूने दाबला, की दोन दिशांचा विद्युतरोध ठळकपणे वेगळा भरतो. न दाबता मोजलं तर स्फटिकातल्या आडव्या-उभ्या रोखाच्या तुकड्यांची सरासरी हाती येते, फरक झाकलेलाच राहतो. आणि हो, अशा लोहाधारित पदार्थाला कुणी अर्धवाहक म्हणेल, तर तसं नको म्हणायला; हा वाईट वाहक असला तरी धातूच.