मदत हवी आहे: बार्नस्टेबलचे गोरम, एक पिढी जुळत नाही

नवऱ्याचं आजोळ मॅसॅच्युसेट्समधल्या बार्नस्टेबलच्या गोरमांचं. १६२० साली इंग्लंडहून वसाहतवाल्यांना घेऊन अमेरिकेत गेलेल्या मेफ्लॉवर जहाजावरून आलेल्या जॉन हाउलंडची मुलगी डिझायर याच घराण्यात दिलेली. आजपासून मागे १८५० पर्यंत साखळी पक्की आहे. त्यामागे १७८० च्या सुमारास जन्मलेल्या पूर्वजाचा बाप ठरत नाही, कारण त्याच नावाचे दोन चुलतभाऊ एकाच गावात! गावच्या जन्मनोंदी आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवरची मृत्युपत्रं पाहिली. दोन्ही बापांच्या मृत्युपत्रात त्या नावाचा मुलगा आहेच. १८५० आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि जमिनीची बहुतेक खतं तिथल्या कोर्टाला १८२७ मध्ये लागलेल्या आगीत गेली. डीएनए चाचणीला सासूबाईंचा ठाम नकार. आम्ही पुण्यात, म्हणजे जे काही ते ऑनलाइनच. अशा दोन सारख्या नावांची माणसं वेगळी करायला आधी काय चाळू, चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी की गावच्या करयाद्या?