फ्रायबुर्गहून स्ट्रासबुर्गला मैत्रिणीकडे दोन रात्री : कागदपत्रे आणि पाहुणेपण

पाऊलवाट :
नमस्कार. मी सध्या एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंज विद्यार्थिनी म्हणून जर्मनीत फ्रायबुर्ग येथे शिकते आहे. माझ्याच वर्गातली एक मैत्रीण याच काळात फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला शिकत असून पुढच्या महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी तिने मला आग्रहाने बोलावले आहे. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परतावे, असा विचार आहे. त्याबाबत दोन गोष्टी जाणकारांना विचारायच्या आहेत.

पहिली कागदपत्रांची. माझ्या भारतीय पासपोर्टावर जर्मनीचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा आहे आणि त्याची मुदत अजून बरीच शिल्लक आहे. निवास परवान्यासाठी अर्ज केला आहे, पण कार्ड हाती आलेले नाही. अशा स्थितीत फ्रान्ससाठी वेगळा व्हिसा लागतो का, वाटेत तपासणी होते का, आणि तिथे आजारी पडल्यास जर्मनीतला सार्वजनिक आरोग्य विमा चालतो का?

दुसरी गोष्ट मला अधिक छळते आहे. मैत्रिणीची वसतिगृहातली खोली अवघी नऊ चौरस मीटरची आहे. शिवाय सोमवारी तिला एक अहवाल सादर करायचा आहे, आणि हे तिने नव्हे, आमच्या दोघींच्या एका मित्राने मला सांगितले. तिला भेटायची ओढ आहेच. पण तिच्या संकोचाचा फायदा घेतल्यासारखे होऊ नये, असेही वाटते. जावे का, आणि गेले तर कसे राहावे?

निळाई :
कागदपत्रे आणि प्रवास यांपुरते सांगते. फ्रान्ससाठी वेगळा व्हिसा लागणार नाही. शेंगेन, म्हणजे व्हिसा आणि सीमांचे समान नियम पाळणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, १९९० सालच्या अंमलबजावणी करारातील कलम २१ नुसार, एका सदस्य देशाचा वैध निवास परवाना आणि वैध पासपोर्ट जवळ असलेल्या व्यक्तीला इतर सदस्य देशांत कोणत्याही १८० दिवसांच्या काळात ९० दिवसांपर्यंत राहता येते, आणि २०१० साली हीच सवलत दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसालाही, म्हणजे ज्यावर ‘डी’ प्रकार छापलेला असतो त्या व्हिसालाही, लागू झाली. तेव्हा कार्ड आले नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. मात्र पुढे कधी व्हिसाची मुदत संपली आणि हातात केवळ अर्जाचा कागद असला, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नका.

सीमेवर नाके दिसत नसले तरी तपासणी होते. फ्रान्सने २०१५ पासून आणि जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर ती पुन्हा सुरू केलेली आहे. परतताना सीमेलगतच्या केल या जर्मन स्थानकाच्या आसपास पोलीस डब्यात येऊन कागद मागू शकतात, त्यामुळे मूळ पासपोर्ट जवळच हवा. मोबाइलमधले छायाचित्र त्या वेळी उपयोगाचे नाही.

जर्मन सार्वजनिक विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेले असते आणि ते फ्रान्समध्ये चालते. फक्त तिथे डॉक्टरांची फी बहुधा आधी स्वतः भरावी लागते आणि भरपाई नंतर मागावी लागते, म्हणून पावती जपून ठेवा.

रेल्वेने ओफेनबुर्गला गाडी बदलून केलमार्गे जावे लागते. तुमचे डॉइचलँड-टिकिट, म्हणजे जर्मनीभरच्या प्रादेशिक गाड्यांचे मासिक तिकीट, केलपर्यंत चालेल, पुढच्या टप्प्याचे तिकीट वेगळे काढा. केलला उतरून ‘डी’ मार्गाची ट्राम धरली तरी चालते. २०१७ पासून ती ऱ्हाईन नदीवरच्या पुलावरून थेट स्ट्रासबुर्गच्या मध्यभागी जाते.

उंबरठा :
तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण अशा खोलीत मी पाहुणा म्हणूनही राहिलो आहे आणि पाहुणे ठेवूनही घेतले आहेत. जावे, असेच माझे स्पष्ट मत आहे. परक्या देशात एकट्याने सेमिस्टर काढणाऱ्या मुलीने आग्रहाने बोलावले आहे, तर त्या बोलावण्याला तिच्या लेखी अहवालाइतकेच मोल असणार. पण अहवालाचा विषय मात्र तुम्हीच काढा, आणि तोही निघण्यापूर्वी. ‘तुला वेळ आहे ना?’ असे विचारले, तर ती ‘हो’च म्हणेल. त्याऐवजी ‘शनिवारी सकाळपासून दुपारी चारपर्यंत तू लिहीत बस, मी तोवर शहर पाहून येते’ असे ठरवूनच सांगा. यजमानाला नकार देण्याची वेळच येऊ नये, एवढी काळजी पाहुण्याने घेतली की निम्मा संकोच तिथेच संपतो.

नऊ चौरस मीटरच्या खोलीत पलंग आणि टेबल यांच्यामध्ये एकच माणूस आडवा होऊ शकतो, आणि तोही खुर्ची टेबलावर उलटी ठेवल्यानंतर. त्यामुळे जमिनीवर अंथरूण घातले की खोलीतली लिहिण्याची जागा संपते, आणि अनेकदा दारही पूर्ण उघडत नाही. अंथरूण रात्री उशिरा घाला आणि सकाळी उठल्याबरोबर गुंडाळून ठेवा. घडीची गादी आणि पांघरूण स्वतःचे न्या, सामान पलंगाखाली जाईल एवढेच ठेवा आणि टेबलाजवळचा विजेचा प्लग तिच्यासाठी मोकळा सोडा. तिकिटे आणि जेवणखाण यांचा तुमचा खर्च तुम्हीच करा, कारण दोघीही शिष्यवृत्तीवर किंवा घरच्या पैशांवर राहत असाल, तर कुणी कुणावर किती खर्च केला हे मनात राहू देणे बरे नव्हे.

शनिवारच्या त्या मोकळ्या वेळेसाठी कॅथेड्रल पुरेसे आहे. १४२ मीटर उंचीची ही वास्तू १६४७ ते १८७४ या काळात जगातली सर्वांत उंच इमारत होती. आतले खगोलीय घड्याळ आवर्जून पाहा. त्याचे बारा बाहेरच्या साडेबाराला वाजतात, आणि त्याच वेळी येशूच्या बारा शिष्यांच्या मूर्ती त्याच्यासमोरून एकेक करून पुढे सरकतात, म्हणून तिथे थोडे आधी पोहोचा. ६६ मीटरवरच्या गच्चीवर तीनशेहून अधिक पायऱ्या चढून जावे लागते. १७७०-७१ मध्ये जर्मन कवी गटे या शहरात कायद्याचा विद्यार्थी होता, आणि उंचीची भीती घालवण्यासाठी तो मुद्दाम या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढत असे. परगावी शिकायला आलेल्या कुणालाही ही हकीकत आपलीशी वाटेल. तिथून पेतित फ्रान्स भागातल्या कालव्यांच्या कडेने व्होबाँ धरणाच्या गच्चीपर्यंत चालत गेलात की चार वाजतीलच. १९८८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलेले ग्राँद-ईल बेट पुरे बघून संपवण्याचा हट्ट धरू नका. संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला काहीतरी उरलेले असू द्या.

आणि एक. ती तिथल्या अडचणी सांगू लागली, तर लगेच फ्रायबुर्गच्या अडचणी सांगायला लागू नका. तिला कुणाशी तरी मराठीत मनमोकळे बोलायचे असण्याची शक्यता मला अहवालापेक्षाही मोठी वाटते.

लेखणी :
थोडी भर घालते. मैत्रिणीला वसतिगृहाचा नियम आधी विचारायला सांगा. अनेक वसतिगृहांत रात्री पाहुणा ठेवायचा झाल्यास व्यवस्थापकाला कळवावे लागते, काही ठिकाणी तशी परवानगीच नसते, आणि नियम मोडल्याचा ठपका पाहुण्यावर नव्हे, तर खोली ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर येतो. परवानगी नसल्यास जवळच्या युवा वसतिगृहात एक खाट आरक्षित करा. दिवस तिच्यासोबत घालवता येतातच. रविवारी तिथेही बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून लागणारा किराणा शनिवारीच आणून ठेवा.

पाऊलवाट :
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. उंबरठा यांनी सुचवल्याप्रमाणे मी आजच तिच्याशी बोलले. तिने आधी आढेवेढे घेतले, मग शनिवारची वेळ आनंदाने मान्य केली आणि व्यवस्थापकाकडे माझे नावही नोंदवले. आता तीच म्हणते आहे की, रविवारी सकाळी दोघींनी बाझेलला जावे, दुपारी ती परत फिरेल आणि मी तिथूनच फ्रायबुर्ग गाठावे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, मग तिथे काही वेगळे लागेल का?

निळाई :
व्हिसाच्या दृष्टीने काही वेगळे लागणार नाही, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी डिसेंबर २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. विम्याचे मात्र तसे नाही. युरोपीय आरोग्य विमा कार्ड युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही, त्यामुळे त्या एका दिवसासाठीही वेगळा प्रवास विमा काढा. तिथले उपचार फार महाग असतात, म्हणून हा खर्च वाचवू नका. युरोपीय संघातली जादा शुल्काशिवायची रोमिंग सुविधाही स्वित्झर्लंडला लागू नाही. तुमच्या मोबाइल योजनेत त्या देशाचा समावेश नसल्यास शहराचा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि बाझेलला पोहोचण्यापूर्वी मोबाइल डेटा बंद करा.

परतीची गाडी बाझेलच्या मुख्य स्थानकाऐवजी बाडिशर बानहोफ या स्थानकावरून धरा. ते स्विस भूमीवर असले तरी जर्मन रेल्वेचे स्थानक आहे, आणि तिथून फ्रायबुर्गला जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांत तुमचे डॉइचलँड-टिकिट चालते. मुख्य स्थानकाहून तिथे ट्रामने जाता येते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.