मदत हवी आहे : एमएच १२ गाडी इंदूरला आणलीये, टॅक्स परत भरायचा का?

मनाली_इंदूर: पटकन सांगा कोणीतरी. पुण्याची गाडी आहे, टॅक्स तिकडे १५ वर्षांचा एकदम भरलाय. काल पलासियाला ट्रॅफिकवाल्याने विचारलं, एमपी का नंबर क्यों नहीं लिया. परत टॅक्स म्हणजे डबल नाही का? एजंट नुसता आकडा फेकतो, हिशोब विचारला की गप्प.

रामबागवाला: गाडी कधी आणलीत? लोन आहे का? कोणाच्या नावावर?

भटक्या०९: बीएच सिरीज घ्या ना, सगळ्या राज्यांत चालणारा नंबर, कटकटच संपली! मी घेतलीये, दोन-दोन वर्षांचा टॅक्स भरायचा बस्स.

सुदामानगरकर: अहो ते सगळ्यांना मिळत नाही. सरकारी नोकर, सैन्य, नाहीतर चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेली प्रायव्हेट कंपनी लागते. ताई, नोकरी कुठे?

मनाली_इंदूर: नोकरी नाही, घरीच क्लासेस घेते. गाडी दिवाळीत आणली. सासऱ्यांच्या नावावर आहे, ते पुण्यातच असतात.

रामबागवाला: हे आधी सांगायचं ना ताई! लोनचं अजून राहिलंच.

मनाली_इंदूर: थोडे हप्ते बाकी आहेत. त्याचा टॅक्सशी काय संबंध?

रामबागवाला: टॅक्सशी नाही, एनओसीशी आहे, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला हरकत नाही असा दाखला. बँकेने लेखी संमती दिल्याशिवाय पुण्याचं आरटीओ फॉर्म २८ ची एनओसी देणार नाही, आणि तिकडचे ई-चलान बाकी असतील तर तेही आधी भरा. सासरे पुण्यात आहेत ते बरंच झालं, तिथलं काम ते करतील. मग इकडे नायता मुंडल्याच्या इंदूर आरटीओत फॉर्म २७, नवा नंबर. गाडी तुमच्या नावावर घ्यायची तर २९ आणि ३० पण.

भटक्या०९: एवढं कोण करतं? माझा मित्र कितीतरी वर्षं एमएचवर फिरतोय.

सुदामानगरकर: फिरू दे, कायदा १२ महिन्यांचाच आहे, मोटर वाहन कायदा कलम ४७. त्यापेक्षा जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की नंबर बदलायचा. ताई, तुमची मुदत अजून संपलेली नसेल तर घाबरू नका, पण एनओसीला आत्ताच लागा.

मनाली_इंदूर: पण टॅक्स डबल की नाही तेच कोणी सांगत नाहीये!!

सुदामानगरकर: इथला भरावाच लागेल, गाडीचं वय बघून लावतात. महाराष्ट्रातला उरलेल्या काळाचा परत मागता येतो, पण इथली नवी आरसी हातात आल्यावर, पुण्याच्या आरटीओत अर्ज करून. म्हणजे पैसे आधी तुमच्या खिशातून, मग त्यांच्याकडून. तेव्हा जुन्या टॅक्सची पावती सासऱ्यांकडून शोधून घ्या.

शेव_लव्हर: पुण्याहून येताना सेंधव्याच्या बिजासन घाटात ट्रकचा जाम अजून असतो का हो? पुढच्या महिन्यात यायचंय.

रामबागवाला: नवा धागा काढा भाऊ.

मनाली_इंदूर: पावती सापडत नाहीये म्हणतात. ऑनलाइन निघते का?

सुदामानगरकर: परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून बघा, जुनी गाडी असेल तर आरटीओतूनच काढावी लागेल. गाडी कोणत्या सालची?