आधी गॅस्केट, मग सफायर

रेप्लिका घड्याळ, म्हणजे नामांकित घड्याळाची नक्कल, सुधारायचं तर आधी काच काढून सफायर (कृत्रिम नीलमण्याची कडक काच) टाका, मग डायल, मग काटे, असा क्रम सांगितला जातो; तो मला पटत नाही. सफायरवर सहजी ओरखडा पडत नाही हे खरं. पण आपल्या साताऱ्याच्या पावसात रेप्लिकाचा जीव जातो तो आत शिरलेल्या ओलीनं. मोती चौकाजवळच्या घड्याळजींनी मित्राच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं तेव्हा गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) चपटं, कोरडंठाक झालेलं होतं आणि चावीच्या दांड्यावर तांबूस गंज. नवं गॅस्केट, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, एवढं आधी करा. डायलवर '३०० मीटर' छापलंय म्हणून भरवसा ठेवू नका, प्रेशर टेस्ट करून घ्याच. आणि ही हौस आपल्या मनगटापुरतीच, विकायचं नाव काढू नका.

आत मियोता ८२१५ किंवा सेइकोचं एनएच३५ हे यंत्र (मूव्हमेंट) असेल तर सुटे भाग मिळतात, दोन्ही यंत्रं तासाला २१,६०० ठोक्यांची. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर लगेच सर्व्हिसिंगला टाकू नका. बऱ्याचदा स्पीकरशेजारी ठेवल्यानं हेअरस्प्रिंगला (घड्याळाची गती सांभाळणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व येऊन तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांत काम होतं.