कोलॅजन जेल आक्रसतंय, मेलानोमाची घुसखोरी खरी की खोटी?

पेट्रीडिश
प्रयोगशाळेतलं त्वचेचं मॉडेल: 12-वेल इन्सर्टमध्ये (तळाला सच्छिद्र पडदा असलेले छोटे कप) उंदराच्या शेपटीचं टाइप 1 कोलॅजन, 2 मि.ग्रॅ./मि.ली. फायब्रोब्लास्ट (त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशी) मिलीलीटरला 3 लाख. त्यावर लगेच दुसऱ्या दिवशी हॅकॅट (त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशींचा प्रयोगशाळेतला वाण) आणि ए375 (मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी), 10:1. पाचव्या दिवशी जेल भिंतीपासून सुटतं. कडेच्या छेदांत (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापांत) ए375 तळापर्यंत दिसतात, मधल्या छेदांत एकही नाही. आक्रमण धरायचं का?

जेलवाला
अजिबात नाही. फट पडली आणि पेशी तिच्यातून खाली ओघळल्या, एवढंच.

3 लाख फायब्रोब्लास्ट फार होतात. ते कोलॅजनचे धागे ओढतातच, म्हणून 1 लाखावर या आणि कोलॅजन 3 मि.ग्रॅ. करा. आधी पेशी नसलेल्या जेलचा पातळ थर द्या, म्हणजे वरच्याला पकड मिळते. नंतर 5 ते 7 दिवस थांबा. जेवढं आक्रसायचं तेवढं आधीच आक्रसू दे! मग जेलवरचं माध्यम काढून पेशी 50 मायक्रोलीटरच्या थेंबात मधोमध सोडा आणि 2 तास हलवू नका.

जेल बनवताना आम्लधर्मी कोलॅजनच्या मिश्रणात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला, सगळं बर्फावर. पिवळा रंग फिका गुलाबी झाला की थांबा. गडद जांभळट झाला तर जास्त पडलं, फायब्रोब्लास्ट मरतील.

छेदकर
वरचं बरोबरच, पण निम्मा घोळ छेद घेताना होतो. फॉर्मलिननंतर इन्सर्टचा पडदा ब्लेडने कडेने कापून ऊतीसकट काढा आणि मेणात उभा बसवा. जरा कलला तरी छेद तिरका जातो, आणि एपिडर्मिसचा (वरच्या पेशीथराचा) खाली लोंबणारा भाग सुटून जेलमध्ये बेटासारखा दिसतो. अगदी आक्रमणासारखा. बाहेरचा 1 मि.मी. मोजायचाच नाही.

ए375 मध्ये रंगद्रव्य जवळपास नसतं, तेव्हा सॉक्स10 (मेलानोमा पेशी ओळखायची प्रथिन-खूण) लावा. केंद्रकात उमटतं, मोजायला सोपं. व्हायमेंटिन ही दुसरी प्रथिन-खूण इथे कुचकामी, फायब्रोब्लास्टही रंगतात.

पेट्रीडिश
हॅकॅटचा वरचा थर नीट शृंगी (खऱ्या त्वचेसारखा कडक) होत नाही, तेही जेलमुळेच?

जेलवाला
नाही, ती हॅकॅटचीच मर्यादा. त्यांचं पी53 (पेशीवाढीला आवर घालणारं जनुक) आधीच बिघडलेलं असतं. पैसे असतील तर प्राथमिक (थेट त्वचेतून काढलेल्या) केराटिनोसाइट घ्या. हवेवर आणल्यावर (पेशींचा वरचा पृष्ठभाग उघडा ठेवल्यावर) माध्यम पडद्याच्या पातळीलाच ठेवा, पृष्ठभाग ओला दिसला की समजा जास्त झालं. अॅस्कॉर्बिक आम्ल 50 मायक्रोग्रॅम/मि.ली. दर बदलीला ताजं. बाटलीत आधीच मिसळून ठेवलेलं लवकर निकामी होतं. असे 12 ते 14 दिवस.